गाडीत पाऊस, नाकात वास!

जून उजाडला, की तुम्हाला काय आठवतं? कांदाभजी, लोणावळा, लाँग ड्राइव्ह? मला आठवतो ओल्या पायपुसण्याचा वास. तो माझ्या गाडीत होता!

गाडी सेकंडहँड, पण स्वतःच्या पैशांची पहिलीवहिली हॅचबॅक. फ्रीलान्सिंगचे चेक वेळेवर येत नाहीत, हप्ता मात्र न चुकता येतो. तरी घेतली, ती आईसाठी. गुडघ्याच्या फिजिओथेरपीला तिला आठवड्यातून दोनदा न्यावं लागतं. २०२४ च्या पहिल्या मोठ्या पावसानंतर ती गाडीत बसली, पाय टेकला आणि 'पचाक्'! मॅटखाली चक्क तळं. आठवड्याभरात बुरशीचा वास, आईला शिंका, मग रात्रीची धाप. शेवटी ती शांतपणे म्हणाली, "तू ये गाडी घेऊन, मी रिक्षाने जाते." सांगा, याहून मोठा अपमान कुठला?

एका गॅरेजवाल्याने पुढच्या काचेच्या कडेने सिलिकॉन फासलं. पुढच्या सरीला पुन्हा तळं. दुसरा म्हणाला, "मॅडम, अख्खं कार्पेट बदला." पाणी येतं कुठून, हे कुणी बघितलंच नाही. मग आम्ही मायलेकीच डिटेक्टिव्ह झालो.

पाणी नक्की कुठलं?

कोरड्या दिवशी एसी लावून फिरल्यावर ओल येत असेल, तर पावसाला दोष देऊ नका, एसीचा ड्रेन पाइप तुंबलाय. पाणी चिकट आणि गोडसर वासाचं असेल, तर ते कूलंट. सरळ मेकॅनिक गाठा. आमचं पाणी मातकट होतं. दोन दिवस एसी बंद ठेवला, तरी पावसानंतर हजर! म्हणजे चोर बाहेरचाच.

खालून वर

कार्पेट उचललं. वरून कोरडं, पण खालचा फोम स्पंजसारखा भिजलेला. सगळं टिपून वर्तमानपत्रं अंथरली. आई बाहेर खुर्ची टाकून पाइप धरून, मी आत टॉर्च घेऊन. नियम एकच, पाणी खालून वर मारत जायचं. आधी दरवाजे, मग काच, शेवटी छप्पर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काही कळत नाही. प्रत्येक जागी पाचेक मिनिटं थांबायचं. आणि प्रेशर जेट नको, त्याने चांगल्या रबरातूनही पाणी घुसतं.

दरवाजे पास. पाइप वायपरखालच्या जाळीवर आला आणि दोन मिनिटांत डावीकडे ब्लोअरखालून थेंब... टप्, टप्! "आई, सापडला!" मी आतूनच ओरडले.

जाळी काढली, तर गुलमोहराच्या पानांचा चिखल. काचेवरचं पाणी या खोलगट भागात येतं आणि कोपऱ्यातल्या भोकांतून खाली जातं. भोकं तुंबली, की पातळी चढते आणि पाणी एसीच्या हवेच्या वाटेने थेट आत! आमची गाडी उभी असते गुलमोहराखाली. आता बोला!

हाताने गाळ काढला, जुन्या टूथब्रशने भोकं साफ केली. भिजलेला एसी फिल्टर बदलला. खर्च तेवढाच. फोम मात्र पंख्याखाली पूर्ण वाळवला, कारण ओल राहिली तर पत्रा गंजतो आणि वायरिंगचे जोड बिघडतात.

तुमचा चोर वेगळा असेल, तर...

• दरवाजा: तळाची भोकं मोकळी करा. तरी पाणी आलं, तर आतल्या पॅडमागचं प्लास्टिक सुटलेलं असू शकतं. ते ब्युटाइल टेपने चिकटवून घ्या.
• सनरूफ: रबराला दोष देण्याआधी कोपऱ्यांतल्या नळ्या तपासा. तार खुपसू नका, नळी निसटते.
• डिकी: स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी? टेललॅम्पचं गॅस्केट आणि दाराचं रबर बघा.
• पुढची काच: खरंच गळत असेल, तर ती काढून नीट बसवून घ्या. वरून फासलेलं सिलिकॉन पुढच्या कामात अडचणच करतं.

हल्ली दर रविवारी मी जाळीवरची पानं वेचते. आई पुन्हा पुढच्या सीटवर असते. बसण्याआधी मॅटवर हात फिरवून बघते, एवढंच. विश्वास वाळायला फोमपेक्षा जास्त वेळ लागतो, बॉस!