लसूण, तेल आणि शिजवणीचे पाणी

कचेरीतून थकूनभागून परतल्यावर रात्रीच्या जेवणाची तजवीज कशी करावी, या प्रश्नाला नेपल्सच्या स्वयंपाकघरांनी फार पूर्वीच जे उत्तर शोधून ठेवले, ते ‘स्पगेटी आल्यो ए ओलिओ’ या नावाने ख्यात असून लसूण, ऑलिव्हचे तेल, सुकी लाल मिरची आणि चिमूटभर चिरलेली पार्सली एवढ्यावरच त्याची सारी मदार आहे. गप्पांच्या भरात मध्यरात्र उलटली म्हणजे मित्रमंडळींकडून याच पदार्थाची फर्माईश व्हावी, असा तिकडचा दस्तूर आहे.

जिनसा मोजक्या असल्या की त्यांची प्रत पारखणे ओघानेच आले. पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच हवा. इटलीने तर १९६७ साली तसा कायदाच केला. आपल्याकडे शेवयांसाठी नावाजलेला बन्सी गहू याच जातीचा. नेपल्सजवळच्या ग्रान्यानो गावी एके काळी भर रस्त्यावर काठ्यांवर पास्ता वाळत असे, आणि तेथील मालाला २०१३ साली युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकनही लाभले. ब्राँझच्या साच्यातून काढलेल्या या पास्त्याचे अंग खरबरीत असते व त्याला रस चांगला धरतो.

दोघांसाठी २०० ग्रॅम स्पगेटी घ्यावी. १०० ग्रॅमला एक लिटर पाणी हे सर्वमान्य प्रमाण खरे. परंतु येथे दीड लिटरच ठेवावे, म्हणजे पाण्यात पिष्ट अधिक दाट उतरते. त्यात दहा-पंधरा ग्रॅम मीठ टाकावे. पाण्यात तेल ओतण्याची कित्येकांची खोड मात्र निरर्थक, कारण ते तेल नुसतेच वर तरंगत राहते.

स्पगेटी शिजत असता पसरट कढईत चार मोठे चमचे थंड तेल घेऊन त्यात लसणीचे पातळ काप सोडावेत व मंद आच द्यावी. तेल हळूहळू तापते, तसतसा लसणीचा अर्क त्यात मुरत जातो. कापांच्या कडा फिकट सोनेरी दिसू लागताच मिरची कुस्करून टाकावी आणि लागलीच एक डाव शिजवणीचे पाणी ओतावे. तेल तडतडेल, सबब जरा दूर उभे राहावे. येथे चुकारपणा झाला, लसूण तांबूस झाली, की अवघी कढई कडवट झालीच म्हणून समजावे.

पुडक्यावर छापलेल्या वेळेच्या दोन मिनिटे आधी स्पगेटीचा एक धागा तोडून पाहावा. मधोमध पांढरा ठिपका दिसला, की सर्व धागे चिमट्याने उचलून कढईत घ्यावेत आणि आच वाढवून, लागेल तसे ते गढूळ पाणी घालीत, जोराने परतावे. एरवी परस्परांपासून फटकून राहणारे तेल आणि पाणी यांचा पिष्टाच्या मध्यस्थीने मिलाफ होतो, आणि प्रत्येक धाग्यावर दुधाळ, चकचकीत रस चढतो. भात वेळल्यावर पेज राखून ठेवणाऱ्या कोकणातल्या गृहिणीला हे पाणी मोरीत ओतवणार नाही. क्रीम घालून ही दाटी आणणे ही माझ्या मते शुद्ध पळवाट आहे. चीज घालण्याचाही मूळ रिवाज नाही, पण त्यावर हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

हा पदार्थ खोळंबून ठेवता येत नाही; पास्ता रस शोषून घेतो आणि पाचदहा मिनिटांत त्याचा गोळा होतो. त्यातूनही उरलाच, तर नेपल्सचे लोक दुसऱ्या दिवशी त्यात अंडी व चीज कालवून, दोन्ही बाजूंनी खरपूस तळून, त्याची जाड पोळी करतात. आणि ती थंड झाल्यावर शिदोरी म्हणून सहलीलाही नेतात.