दिंडीसाठी राहुटी घेताय? आधी माती बघा, मग कापड

ज्येष्ठ महिना लागला की गावोगावच्या दिंड्यांची लगबग सुरू होते. ट्रक ठरतो, शिधा गोळा होतो, वीणेकरी, टाळकरी ठरतात. राहुटीचा विषय मात्र शेवटच्या चार दिवसांत निघतो. मग कोणी तरी तालुक्याला जातो आणि मिळेल ती राहुटी घेऊन येतो. आळंदीहून माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते आणि आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी पंढरपुरात पोचते. तेवढे दिवस बायकामाणसे, म्हातारी माणसे, लहान पोरे त्या कापडाखाली झोपतात, तेही ऐन पावसाळ्यात. तेव्हा राहुटी बियाण्याइतकीच पारखून घ्यायला हवी.

हे मी अनुभवावरून लिहितो आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या दिंडीसाठी तंबू आणायचे काम माझ्याकडे आले. शहरातून हलका, रंगीत, नायलॉनचा तंबू आणला. पिशवीवर ‘आठ माणसांसाठी’ असे छापले होते. माळशिरसच्या पुढे काळ्या रानात मुक्काम होता. रात्री वाऱ्यासह पाऊस आला. बारीक काड्या मोडल्या, वीतभर लांबीच्या मेखा चिखलातून मुळ्यासारख्या उपटून आल्या आणि ओले कापड झोपलेल्या माणसांवर बसले. आमच्या थोरल्या काकूंच्या खांद्याला मार लागला. सकाळी त्या एवढेच म्हणाल्या, “बाळा, आमाला बियाण्याची पिशवी तपासून घ्या म्हणून सांगतोस, आन् तंबू मातर चित्र बघून आणलास व्हय?” निवड माझी होती, तेव्हा दोषही माझाच होता.

माणसे मोजा, मग फूट मोजा

दुकानदार ‘बारा माणसांची’ म्हणतो तेव्हा तो खांद्याला खांदा लावून झोपवतो. वळकट्या, पिशव्या, ओले कपडे त्याच्या हिशेबात नसतात. आपला हिशेब सोपा ठेवा. एका माणसाला झोपायला सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद, म्हणजे १५ चौरस फूट जागा लागते. सामानासाठी आणखी पाच धरा. माणशी २० चौरस फूट झाले. उतरत्या छपराच्या राहुटीत कडेची एकेक फूट जागा कामाची नसते, कारण ओल्या कापडाला अंग लागले की तिथून पाणी झिरपते. म्हणून १२ बाय १२ ची राहुटी प्रत्यक्षात १० बाय १२ समजा. ती सहा जणांची झाली. मधली उंची सात फूट असली तर उभे राहून लुगडे, धोतर बदलता येते. बायांसाठी ही सोय मोठी आहे.

कापड वजनावर घ्या

सुती कॅनव्हास जड पडते, पण त्यातून हवा खेळते आणि ओले झाले की धागे फुगून वीण घट्ट होते. नवे कॅनव्हास एकदा पूर्ण भिजवून, ताणून वाळवावे, म्हणजे शिवणीची भोके मिटतात. प्लॅस्टिकची विणलेली ताडपत्री हलकी आणि स्वस्त, पण आत दमट होते, घाम धरते. ती घ्यायची तर आयएस ७९०३ हा मानक क्रमांक बघा आणि उन्हात टिकणारी आहे का हे विचारून घ्या.

कापड किती ग्रॅमचे, हे दुकानदाराच्या तोंडावर सोडू नका. १२ बाय १२ च्या, मधे सात फूट आणि कडेला दोन फूट उंचीच्या राहुटीला चारी बाजू धरून सुमारे ३२ चौरस मीटर कापड लागते. ४०० ग्रॅमचे कापड असेल तर नुसते कापड १३ किलोच्या आसपास भरले पाहिजे. काट्यावर ठेवा. आठ-नऊ किलो भरले तर काय ते समजून जा. कोपरे आणि दोर बांधायच्या कड्या दुहेरी कापडावर शिवलेल्या असाव्यात. फाटायला सुरुवात तिथूनच होते.

मेखा मातीप्रमाणे

सासवड-जेजुरीकडे बऱ्याच ठिकाणी मुरमाड जमीन लागते. तिथे फूटभर लांब लोखंडी मेख चालते, लाकडी फुटते. पुढे माळशिरस, वेळापूर, भंडीशेगावकडे काळी, भारी जमीन बरीच. ती वाळली की दगड आणि भिजली की लोणी. तिथे दीड-दोन फुटांची जाड लाकडी खुंटीच पाहिजे. म्हणून दोन्ही प्रकार ट्रकमध्ये ठेवा. खुंटी सरळ न ठोकता तिचे डोके राहुटीच्या उलट बाजूला कलते ठेवा. चिखल फारच असेल तर रिकाम्या खताच्या गोणीत माती भरून, तिला दोर बांधून, ती हातभर खोल पुरा. अशी गोणी वाऱ्याला सहसा दाद देत नाही.

मधल्या खांबाला वाळलेला भरीव बांबू किंवा लोखंडी पाइप घ्या. खांबाखाली फळी किंवा सपाट दगड ठेवा, नाही तर तो काळ्या मातीत रुतत जातो आणि दोर ढिले पडतात. तागाचे, सुताचे दोर भिजले की आखडतात आणि मेख उपटतात. पावसाआधी ते थोडे सैल करायचे. नायलॉनचा दोर आखडत नाही, तरी झोपण्यापूर्वी एक फेरी मारून ताण बघावाच.

जागा आणि जागामालक

ओढ्याच्या पात्रात, विजेच्या तारांखाली किंवा एकट्या झाडाखाली राहुटी ठोकू नका. राहुटी विजेपासून वाचवत नाही. गडगडाट सुरू झाला तर पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जावे. खालची ताडपत्री राहुटीच्या आतच मुडपून घ्या. बाहेर राहिली तर छपराचे पाणी अंथरुणाखाली येते. स्टोव्ह, गॅस, शेगडी आत नको. आग लागते, आणि बंद राहुटीत विषारी धुराने झोपेतच जीव जातो.

आता एक गोष्ट दोन्हीकडच्या शेतकऱ्यांसाठी. आपण ज्या रानात उतरतो तेही कोणाचे तरी पेरणीचे रान असते. वापसा नसताना काळ्या रानात ट्रक घातला तर जमीन दाबून घट्ट होते आणि त्या पट्ट्यात पीक मार खाते. ट्रक रस्त्याकडेला ठेवून सामान डोक्यावर न्या. मालकाला विचारल्याशिवाय चर काढू नका, आणि काढला तर निघताना बुजवा. मेखा मोजून ठोका, मोजून काढा. राहिलेली एक लोखंडी मेख बैलाचा खूर किंवा ट्रॅक्टरचा टायर फाडते.

मार्गावरच्या गावांतील सरपंच, ग्रामसेवक, तलाठी यांनाही विनंती आहे. रब्बी ज्वारीसाठी खरिपात मोकळी ठेवलेली आणि निचऱ्याची रानं मालकाच्या संमतीने आधीच हेरून ठेवावीत. ती दिंड्यांना दाखवली तर पेरलेले रान तुडवले जाणार नाही.

निघण्यापूर्वी एकदा

निघण्याच्या आठ दिवस आधी राहुटी शाळेच्या पटांगणात उभी करा. फवारणीचा पंप स्वच्छ धुऊन, साध्या पाण्याने भरून छपरावर मारा. ज्या पंपाने तणनाशक मारले असेल तो घेऊ नका. पाणी कुठे गळते, कोणती शिवण उसवली, कोणती कडी सुटली, सगळे कळते आणि दुरुस्तीला वेळही मिळतो. वारीहून आल्यावर राहुटी कडक उन्हात वाळवूनच घडी घाला. ओली बांधली तर सुती कापडाला बुरशी लागून दिवाळीपर्यंत ते कुजते. उंदरांपासून दूर, दोरीवर टांगून ठेवा. पुढे गावात पुराची किंवा आगीची वेळ आली तर हीच राहुटी एखाद्या कुटुंबाला आसरा देईल.

आमच्या दिंडीत आता कॅनव्हासच्या राहुट्या आहेत. ठोकून झाल्या की थोरल्या काकू स्वतः एकेक दोर हाताने ताणून बघतात, आणि मगच वळकटी सोडतात.