ऑपरेशननंतर वजन परत वाढलं तर?

ताई, गॅस्ट्रिक बायपासनंतर दोन-तीन वर्षांनी थोडं वजन बऱ्याच जणींचं परत वाढतं. ऑपरेशन वाया गेलं असं समजू नका, लाजून तपासणीही टाळू नका.

आधी सवयी बघा. दिवसभर गोड चहा, बिस्किटं, फरसाण चालू आहे का? जेवताना उसळ, अंडं, दही आधी खा. पाणी अर्ध्या तासाने प्या. थायरॉईड तपासून घ्या.

तरी फरक नाही, तर डॉक्टर औषध किंवा इंजेक्शन सुचवतात. सैल झालेलं जठराचं तोंड दुर्बिणीतून शिवून लहानही करता येतं. दुसरं ऑपरेशन सगळ्यात शेवटी, कारण त्यात धोका जास्त.

गटाचं कर्ज काढून वजनाच्या पावडरी मात्र घेऊ नका. बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या आयुष्यभर चालू ठेवा.