कोर्टाच्या पायरीअलीकडे

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये,’ असे मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आला आहे. या म्हणीत न्यायाविषयी अनादर नाही; न्याय मिळविताना जो काळ, जो पैसा आणि जे मनःस्वास्थ्य खर्ची पडते, त्याचा तो रोखठोक हिशेब आहे. हाच हिशेब युरोपातील ग्राहकानेही मांडून पाहिला. आणि त्यातूनच १९६० नंतरच्या दशकांत तेथे कोर्टाबाहेर निवाडा करणाऱ्या नानाविध संस्था उभ्या राहिल्या.

ग्राहकाच्या तंट्याचे वैशिष्ट्य असे की, त्यातील रक्कम लहान असते आणि प्रतिपक्ष मोठा असतो. कपडे धुण्याचे यंत्र चार महिन्यांत बंद पडते. घरात पाणी शिरून झालेल्या नुकसानीची भरपाई विमा कंपनी नाकारते. जाहिरातीत समुद्राकाठी दाखविलेली खोली प्रत्यक्षात मागच्या गल्लीत निघते. अशा वेळी वकील द्यावा, तर त्याची फीच मागणीच्या रकमेहून अधिक व्हावयाची. साहजिकच ग्राहक गप्प बसतो. एकट्याचे हे गप्प बसणे क्षुल्लक भासते. परंतु असे हजारो ग्राहक गप्प बसले म्हणजे अन्याय हाच व्यापाराच्या नफ्याचा एक भाग होऊन बसतो. जो हक्क बजावण्यास त्याच्या किमतीहून अधिक खर्च येतो, त्या हक्काला अर्थ तो काय उरला? १४ एप्रिल १९७५ रोजी युरोपीय आर्थिक समुदायाच्या मंत्रिपरिषदेने ग्राहकांचे पाच मूलभूत हक्क मान्य केले. नुकसानीची दाद मागण्याचा हक्क हा त्यांपैकी एक होता.

तथापि या घोषणेपूर्वीच काही देशांनी वाट पाडली होती. स्वीडनमध्ये १९६८ साली ग्राहकांच्या तक्रारींचा विचार करणारे एक राष्ट्रीय मंडळ स्थापन झाले. १९८१ पासून ते स्वतंत्र सरकारी संस्था म्हणून काम करीत आहे. त्याची रीत साधी आहे. ग्राहकाने आपली तक्रार लेखी पाठवावी, पावती, करारपत्र, छायाचित्रे जोडावीत. मंडळाने व्यापाऱ्याचे म्हणणे मागवावे आणि कागदपत्रांवरून निर्णय द्यावा. साक्षीदारांच्या जबान्या नाहीत, उलटतपासणी नाही, वकिलाची गरज नाही. न्यायदानाचा अनुभव असलेला अध्यक्ष, आणि त्याच्या दोन्ही बाजूंस ग्राहक व व्यापारी यांच्या संघटनांकडून आलेले समसमान सभासद, अशी त्याची रचना असते.

आता गंमत अशी की, या मंडळाचा निर्णय व्यापाऱ्यावर कायद्याने बंधनकारक नाही. तो केवळ शिफारस असतो. तरीही बहुसंख्य व्यापारी तो पाळतात. याचे कारण असे की, जे पाळत नाहीत त्यांची नावे एका ग्राहकनियतकालिकाने ‘काळ्या यादी’त छापण्याचा प्रघात पाडला. दंड नाही, जप्ती नाही. पण नाव छापून आले की गिऱ्हाईक पाठ फिरविते. गावच्या पंचांचा निवाडा ज्या बळावर चाले, ते लोकलज्जेचेच बळ येथे छापखान्याच्या साहाय्याने उभे केले आहे.

हॉलंडने वेगळा मार्ग काढला. हेग शहरी १९७० मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या छत्राखाली एकेका धंद्यासाठी स्वतंत्र तंटासमिती असते. सहलींची निराळी, घरदुरुस्तीची निराळी. एक सभासद ग्राहकसंघाने सुचविलेला, एक त्या धंद्याच्या संघाने सुचविलेला आणि अध्यक्ष तटस्थ कायदेपंडित. या समितीचा निवाडा दोन्ही पक्षांवर बंधनकारक असतो. दोन महिन्यांच्या आत कोर्टाकडे जाता येते, पण कोर्ट सारा वाद नव्याने चालवीत नाही. तक्रारदाराला थोडी फी भरावी लागते. तो जिंकला तर ती व्यापाऱ्याकडून परत मिळते. याहून महत्त्वाची तरतूद अशी की, सभासद व्यापाऱ्याने निवाडा पाळला नाही, तर धंद्याचा संघच ठरावीक मर्यादेपर्यंत ग्राहकाला रक्कम देतो आणि मागाहून आपल्या सभासदाकडून वसूल करतो. एकाच्या लबाडीची झळ सर्वांना लागत असल्यामुळे संघालाही आपल्या सभासदावर लक्ष ठेवावे लागते.

जर्मनीतील विमा कंपन्यांनी २००१ साली स्वतःच एक लोकपाल नेमला. दहा हजार युरोपर्यंतच्या दाव्यात त्याचा निर्णय कंपनीवर बंधनकारक, पण विमेदारावर नव्हे. विमेदाराला तो पटला नाही तर कोर्टाचा दरवाजा त्याच्यासाठी उघडाच राहतो. तक्रार विचाराधीन असेपर्यंत दाव्याची मुदतही संपत नाही. विमेदाराकडून फी घेतली जात नाही. सारा खर्च विमा कंपन्या सोसतात.

येथे सुज्ञ वाचकाच्या मनात शंका येईल की, पंचाची पोटगी ज्याच्याकडून येते त्याच्याविरुद्ध पंच निर्णय देईल काय? शंका रास्त आहे. आणि या साऱ्या व्यवस्थेचे मर्मस्थान तेच आहे. जर्मन विमा कंपन्यांनी तिचे उत्तर माणसाच्या निवडीने दिले. पहिला लोकपाल देशाच्या सर्वोच्च दिवाणी व फौजदारी न्यायालयाचा निवृत्त न्यायाधीश होता, तर २००८ मध्ये त्याच्या जागी आलेले ग्युंटर हिर्श हे त्याच न्यायालयाचे माजी अध्यक्ष होते. परंतु केवळ माणसाच्या लौकिकावर विसंबून भागत नाही. म्हणून युरोपीय संघाने २०१३ मध्ये केलेल्या निर्देशात नियमच घालून दिले. पंचाचा मोबदला निकालावर अवलंबून नसावा, त्याला मधेच काढता येऊ नये, ग्राहकाला सेवा विनामूल्य वा नाममात्र फीत मिळावी आणि सर्व कागदपत्रे हाती आल्यापासून सर्वसाधारणपणे नव्वद दिवसांत निकाल लागावा. शिवाय तंटा उद्भवण्यापूर्वीच करारात कलम घालून ग्राहकाचा कोर्टात जाण्याचा हक्क हिरावून घेता येत नाही. पर्याय द्यावा, पण तो लादू नये, हे त्यामागील सूत्र.

या निर्देशाने एक गोष्ट मात्र मोकळी सोडली. व्यापाऱ्याने पंचांपुढे आलेच पाहिजे अशी सक्ती त्यात नव्हती. ती करावी की नाही, हे त्या त्या देशावर सोपविले होते. याचा परिणाम लवकरच दिसला. परदेशातील दुकानांतून इंटरनेटवरून माल मागविणाऱ्यांसाठी युरोपीय आयोगाने फेब्रुवारी २०१६ मध्ये संगणकीय तक्रार-मंच खुला केला. घरबसल्या, आपल्या भाषेत तक्रार नोंदवावी आणि ती योग्य पंचाकडे पोहोचावी, अशी ती सुंदर योजना होती. तक्रारी आल्या, पण बहुतेक व्यापाऱ्यांनी उत्तरच दिले नाही, आणि मोजक्याच तक्रारी पंचांपर्यंत पोहोचल्या. अखेर २० जुलै २०२५ रोजी तो मंच बंद करण्यात आला. दरम्यान ऑक्टोबर २०२३ मध्ये आयोगाने निर्देशात सुधारणा सुचविली. पंचांपुढे येण्यास आपण राजी आहोत की नाही, याचे उत्तर व्यापाऱ्याने वीस कामकाजी दिवसांत दिलेच पाहिजे, असे तीत म्हटले होते. नुसत्या मौनाने तक्रार मारता येऊ नये, हा तिचा हेतू.

भारतानेही १९८६ च्या कायद्याने ग्राहकांसाठी स्वतंत्र न्यायमंच निर्माण केले आणि २०१९ च्या कायद्यात मध्यस्थीची सोय जोडली. त्या दृष्टीने युरोपचा अनुभव मननीय आहे. फी कमी केली, अर्ज सोपा केला, यंत्र दिमतीला दिले, तरी तेवढ्याने न्याय होत नाही. स्वीडनमध्ये लोकलज्जा, हॉलंडमध्ये व्यवसायबंधूंची हमी, जर्मनीत कंपन्यांनी स्वतःवर घालून घेतलेले बंधन, असे काहीतरी बळ पंचाच्या शब्दामागे उभे असले, तरच तो शब्द खरा होतो. ते बळ नसेल तेथे ग्राहकाला कोर्टाची पायरी चढावी लागत नाही हे खरे. पण ती न चढताच तो रिकाम्या हाताने घरी परततो.