गिटार शिकताना मनगट दुखते का?

मनोरीत गिटार शिकणाऱ्या मुलामुलींनी एक फरक ओळखावा. सुरुवातीला बोटांची टोके दुखणे साहजिक आहे. मनगट दुखणे नाही. बोटे वाकवणाऱ्या 9 दोऱ्या, म्हणजे कंडरा, आणि एक मज्जातंतू मनगटातल्या अरुंद वाटेने हातात येतात. मनगट वाकवून तार दाबली की तिथे दाब वाढतो.

म्हणून ताठ बसा. गिटारची मान थोडी वर आणि मनगट सरळ ठेवा. तारा फार उंच असतील तर दुकानात खाली करून घ्या. दर 15 मिनिटांनी हात सैल सोडा. दुखले की थांबा. मनगट कडाकडा मोडून घेऊ नका.

रात्री अंगठा, तर्जनी, मधले बोट बधिर होत असेल तर मलम चोळत बसू नका. बोटीने मार्वेला उतरून कांदिवलीच्या शताब्दी रुग्णालयात दाखवा. मज्जातंतू फार काळ दाबला गेला तर पकड कमजोर होते, आणि आपल्या घरात हातांवरच सगळे चालते.