कवळी आणि तिचा साचा: काही पक्के गैरसमज

कवळी ढिली झाली, बोलताना खाली येऊ लागली, की घरात पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "दात नीट बसवले नाहीत." दातांना उगाच बोल लागतो. खोटे दात अडीचशे वर्षांपूर्वीही मिळत होते. माणसाचे, गाईघोड्याचे, पाणघोड्याच्या सुळ्यातून कोरलेले. घोडं अडायचं ते दुसरीकडे. टाळू आणि हिरड्यांची हुबेहूब नक्कल मिळवायची कशी, आणि ती नक्कल शेवटच्या वस्तूपर्यंत न बिघडता न्यायची कशी? हे सगळं साच्याचं काम. कवळीबद्दलचे बरेचसे गैरसमज साचा नजरेआड राहिल्यामुळेच टिकून आहेत.

"वॉशिंग्टनची कवळी लाकडी होती"

अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांबद्दलची ही गोष्ट तिथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते, आणि ती खोटी आहे. १७८९ मध्ये शपथ घेताना जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांच्या कवळ्या शिसं, सोन्याची तार, पितळी स्क्रू, हस्तिदंत, पाणघोड्याचा सुळा, जनावरांचे दात आणि माणसांचे दात यांच्या होत्या. १७८४ च्या त्यांच्या हिशेबवहीत गुलामांकडून नऊ दात विकत घेतल्याची नोंद आहे. ते त्यांच्याच तोंडात गेले का, हे ती वही सांगत नाही. लाकडाचा समज बहुधा डागाळलेल्या सुळ्यामुळे झाला असावा, कारण सुळ्यातल्या बारीक भेगांत रंग मुरला की तो लाकडासारखा दिसतो. त्यांचे दंतवैद्य जॉन ग्रीनवुड यांनी १७९८ मध्ये त्यांना लिहिलं होतं, की कवळी काळी पडली आहे ती पोर्ट वाईनमुळे.

पण लाकूड की सुळा, हा वाद मला दुय्यम वाटतो. सुळा वितळत नाही, ओतता येत नाही. तो कोरावाच लागतो. नमुन्याला रंग फासायचा, कोरलेला तुकडा त्यावर दाबायचा, जिथे रंग लागेल तिथे खरवडायचं, पुन्हा दाबायचं. कारागीर कितीही कसलेला असो, अशा कवळीत आणि हिरडीत फट उरतेच. म्हणून वरची आणि खालची कवळी स्प्रिंगांनी जोडत. स्प्रिंगा दोन्हींना एकमेकींपासून दूर रेटत, आणि माणसाला तोंड मिटून ठेवायलाच जोर लावावा लागे.

"लाकडाची कवळी म्हणजे थट्टाच"

थट्टा नव्हे. जपानात ती खरोखर होती आणि चांगली चालत होती. वाकायामा इथल्या नाकाओका तेई या बौद्ध भिक्षुणीचं निधन १५३८ मध्ये झालं. तिची अखंड लाकडी कवळी आजही जपून ठेवलेली आहे. हे बॉक्सवुडचं लाकूड घट्ट, बारीक धाग्याचं आणि ओलाव्यात सहसा न फुगणारं. मूर्ती कोरणारे हातच ही कामं करत. मधमाशांच्या मेणात जबड्याचा ठसा घ्यायचा, त्याबरहुकूम लाकूड कोरायचं, आणि लाल रंग लावून कुठे टोचतंय ते शोधत घासत जायचं. टाळूपर्यंत पसरलेली ही कवळी स्प्रिंगेशिवाय वर चिकटून राही. युरोप त्या काळी याच्या जवळपासही नव्हता.

"माप म्हणजेच साचा"

हा समज आपल्याकडे सर्रास आढळतो. दवाखान्यात ट्रेमध्ये मऊ पदार्थ भरून तोंडात दाबतात, त्याला आपण माप देणं म्हणतो आणि समजतो की यातूनच कवळी निघते. माप ही पहिली पायरी. मापात सगळं उलटं असतं, हिरडीच्या उंचवट्याच्या जागी खळगा. त्यात प्लॅस्टर ओतलं की सुलटी प्रतिकृती मिळते. तिच्यावर मेणाची कवळी रचून दात लावतात. मग हे सगळं फ्लास्क नावाच्या धातूच्या दुभंगत्या डब्यात प्लॅस्टरमध्ये पुरतात आणि गरम पाण्यानं मेण घालवतात. दात प्लॅस्टरला धरून राहतात आणि मेणाच्या जागी पोकळी उरते. ती पोकळी म्हणजे साचा. तोंड, माप, प्रतिकृती, मेण, साचा, कवळी: प्रत्येक टप्प्यावर थोडी चूक पदरात पडते. पेणच्या कारखान्यात साच्यातून निघालेला गणपती केसभर मोठा झाला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. इथे प्लॅस्टर तेच, पण केसभर फरक हिरडीला टोचतो.

या साखळीची सुरुवात नोंदवून ठेवली ती बर्लिनच्या फिलिप प्फाफ यांनी. ते प्रशियाच्या फ्रेडरिक राजाचे दंतवैद्य. १७५६ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी मऊ केलेल्या मेणानं माप घेऊन त्यात प्लॅस्टर ओतायची कृती दिली. मेण सबंध जबड्यावरून एकदम काढायला गेलं की वाकतं, म्हणून ते अर्ध्या जबड्याचं माप एकदा, उरलेल्या अर्ध्याचं दुसऱ्यांदा घेत आणि दोन्ही तुकडे जोडत. साधी युक्ती, पण यामुळे पेशंटला समोर न बसवता काम करता येऊ लागलं.

मेणाचं दुखणं मात्र राहिलंच. हिरडीच्या फुगवट्याखाली खोबण असते. मेण तिच्यात शिरतं आणि बाहेर येताना ताणलं जातं. १८४० च्या दशकात अमेरिकेतल्या दंतवैद्यांनी मापासाठीही थेट प्लॅस्टर वापरायला सुरुवात केली. प्लॅस्टर ताणलं जात नाही, तुटतं, आणि हाच त्याचा गुण ठरला. तोंडात ते घट्ट होताना चांगलंच गरम होई. लवकर घट्ट व्हावं म्हणून त्यात चिमूटभर मीठ टाकत. मग ते कडाकडा मोडून तुकडे ट्रेमध्ये गोळा करायचे आणि बाहेर चिकट मेणानं पुन्हा जोडायचे. माप अचूक येई, पण पेशंटचे हाल कुत्रा खाईना. पुढे गट्टापर्चा हा रबरासारखा झाडाचा चीक आला. १८५६ मध्ये लंडनच्या चार्ल्स स्टेंट यांनी त्यात राळ, स्टिअरिन वगैरे घालून जास्त आज्ञाधारक मिश्रण केलं. दातांच्या दवाखान्यातला लवंगेचा वास आठवतो? त्या तेलातल्या युजेनॉलची झिंक ऑक्साइडबरोबरची पेस्ट पुढे बिनदाती जबड्याच्या बारीक मापासाठी वापरात आली. मापासाठी वापरलं जाणारं, समुद्री शेवाळापासूनचं अगर दुसऱ्या महायुद्धात जपानकडून येणं बंद झालं, तेव्हा दुसऱ्या समुद्री शेवाळापासूनचं अल्जिनेट पुढे आलं. ते खोबणीतून ताणलं जाऊन परत मूळ आकारावर येतं.

"चिनी माती आली आणि प्रश्न सुटला"

सुळा तोंडात कुजायचा, दुर्गंधी सुटायची. पॅरिसजवळच्या सां-जर्मेन-आं-ले इथले औषधविक्रेते अलेक्सी द्युशातो या वासाला कंटाळले आणि १७७४ च्या सुमारास त्यांनी चिनी मातीची कवळी करायचं घेतलं. माती भट्टीत आकसते, आणि थोडीथोडकी नाही. मूळ आकार मोठा ठेवायचा, पण किती मोठा? आणि ती सगळीकडून सारखी आकसेल याची हमी कोण देणार? द्युशातोंना स्वतःपुरतं यश आलं. ही कल्पना उचलून निकोला द्युबुआ द शेमां यांनी पेटंटं घेतली आणि लंडनमध्ये धंदा थाटला. त्यांच्या कवळ्या चमकायच्या, खडखडायच्या आणि पुष्कळदा बसायच्या नाहीत. १८०८ मध्ये पॅरिसला जुझेप्पांजेलो फोन्झी यांनी प्लॅटिनमच्या खिळीचे सुटे चिनी दात केले. आकसण्याची कटकट एकेका दातापुरती उरली, तळ दुसऱ्या कशाचाही करता येऊ लागला.

"रबराच्या शोधानं कवळी स्वस्त झाली"

अर्धंच खरं. १८४६ मध्ये बॉस्टनच्या मॉर्टन यांनी ईथर हुंगवून बेशुद्ध करण्याचा प्रयोग जाहीरपणे करून दाखवला. हे मॉर्टन कवळ्यांचा धंदा करणारे दंतवैद्य होते, आणि दात न दुखता काढता यावेत ही त्यांची गरज होती. दात काढणं सोपं झालं, कवळीची मागणी वाढली. तोवर चांगली कवळी म्हणजे सोन्याचा पत्रा, जस्ताच्या ठोकळ्यावर ठोकून आकार दिलेला. सामान्यांच्या आवाक्याबाहेर. गंधक घालून तापवलेलं कडक रबर, म्हणजे व्हल्कनाइट, आलं आणि चित्र पालटलं. पण नुसत्या रबरानं काही झालं नसतं. कच्चं मऊ रबर प्लॅस्टरच्या साच्यात दातांभोवती दाबून भरायचं आणि वाफेच्या दाबाखाली सुमारे १६० अंश सेल्सिअसला शिजवायचं. प्रतिकृतीची प्रत्येक घडी रबरात उतरते. ठोकाठोकी नाही, खरवडणं नाही.

या कृतीचं मोल दंतवैद्यांना कोर्टात कळलं. जॉन कमिंग्ज यांना १८६४ मध्ये पेटंट मिळालं आणि ते गुडइयर डेंटल व्हल्कनाइट कंपनीकडे गेलं. १८७६ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं ते उचलून धरलं, आणि त्यात वर्णन केलेली साच्याची कृती हाही शोधाचाच भाग मानला. कंपनी दंतवैद्यांकडून परवान्याचे पैसे वसूल करी, न देणाऱ्यावर खटले भरी. वसुलीत आघाडीवर असलेले कंपनीचे खजिनदार जोसाया बेकन यांना १३ एप्रिल १८७९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या हॉटेलात सॅम्युअल चॅलफंट या दंतवैद्यानं गोळी घातली. १८८१ मध्ये पेटंट संपलं. त्यानंतर दंतवैद्यांच्या मानगुटीवरचं ते ओझं गेलं.

"वरची कवळी पोकळीतल्या ओढीनं टिकते"

एकोणिसाव्या शतकात टाळूच्या मधोमध मुद्दाम खळगा ठेवायची टूम निघाली होती. काही दिवसांत टाळूचं मांसच त्या खळग्यात वाढे आणि ओढ संपे. ओढीसाठी कवळीला लावलेल्या रबरी चकत्यांनी तर टाळूला भोक पडल्याची उदाहरणं आहेत. कवळी टिकते ती मुख्यतः लाळेच्या पातळ थरामुळे आणि कडेनं हवा शिरू न देणाऱ्या किनारीमुळे. थर जितका पातळ, पकड तितकी घट्ट. म्हणजे पुन्हा साच्याच्या अचूकतेचाच प्रश्न.

"ॲक्रिलिकची कवळी उकळत्या पाण्यानं स्वच्छ होते"

कृपा करून असं करू नका. १९३० च्या दशकाच्या शेवटी ॲक्रिलिक आलं आणि दहा-एक वर्षांत त्यानं रबराला हुसकावलं. साच्याची पद्धत मात्र तीच राहिली. यातला द्रव पदार्थ १०० अंशांच्या किंचित वर उकळतो. घाईघाईत तापवलं तर जाड भागात बुडबुडे अडकून कवळी सच्छिद्र होते. म्हणून लॅबमध्ये फ्लास्क साधारण ७४ अंशांच्या पाण्यात तासन् तास ठेवतात. घट्ट होताना ॲक्रिलिक आकसतंही, आणि साच्यात धरून ठेवल्यामुळे तो ताण आत कोंडून राहतो. घरी उकळतं पाणी ओतलं की तो मोकळा होतो आणि कवळी वाकते. कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरे.

आणि माप, साचा, शिजवणं सगळं बिनचूक झालं तरी कवळी काही काळानं ढिली होतेच, कारण दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजत राहतं, पहिल्या वर्षात सर्वांत जास्त. अशा वेळी प्रत्येकदा नवी कवळी लागत नाही. जुनीच ट्रेसारखी वापरून तिच्या आतून नवं माप घेतात, पुन्हा फ्लास्कमध्ये बसवतात आणि फक्त आतला थर बदलून देतात.