नोंदवहीबाहेरची लूशिया हॅरिस

७ एप्रिल २०२४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड शहरी महिलांच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलचा अंतिम सामना झाला. साउथ कॅरोलायनाने आयोवाचा ८७–७५ असा पराभव केला. पराभूत संघातील केटलिन क्लार्क या तरुणीने ३० गुण मिळविले आणि सामन्यानंतरची चर्चा विजेत्यांपेक्षा तिच्याविषयीच अधिक झाली. हा सामना दूरचित्रवाणीवर सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला. त्याच स्पर्धेतील पुरुषांचा अंतिम सामना पाहणारे याहून सुमारे ४० लाखांनी कमी होते. अमेरिकेच्या महाविद्यालयीन क्रीडाजीवनात असे पूर्वी कधी घडले नव्हते.

क्लार्कच्या कौतुकात कमीपणा आणण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. ३,९५१ गुणांचा डोंगर रचणाऱ्या खेळाडूला टाळ्या मिळावयास हव्यातच. परंतु त्या दिवसांत ‘इतिहासात प्रथमच’ हे शब्द इतक्या वेळा कानांवर आले, की मन आपोआप दुसऱ्या एका क्लीव्हलंडकडे वळले. हे क्लीव्हलंड मिसिसिपी राज्यात आहे. ओहायोतील महानगराच्या मानाने ते एक खेडेच. तेथील डेल्टा स्टेट या लहानशा सरकारी विद्यापीठात १९७३ ते १९७७ या काळात लूशिया हॅरिस नावाची एक मुलगी शिकत होती. तिला ‘लूसी’ म्हणत. तिच्या संघाने त्या चार वर्षांत ११५ सामने खेळले आणि त्यांपैकी १०९ जिंकले.

लूसीचा जन्म १० फेब्रुवारी १९५५ चा, मिंटर सिटी या गावचा. अकरा भावंडांत ती दहावी. वडील शेती करीत, आणि कापसाच्या हंगामात मुलांनाही वेचणीला जावे लागे. वऱ्हाडातील वाचकाला वेचणी म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. बोंडांच्या काट्यांनी फुटलेली बोटे आणि संध्याकाळी ताठलेली कंबर सगळीकडे सारखीच. गाव लफ्लोर काउंटीमधले. तिच्या जन्मानंतर सहा महिन्यांनी, ऑगस्ट १९५५ मध्ये, याच काउंटीतील मनी या वस्तीतून एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला रात्री घरातून ओढून नेऊन ठार मारण्यात आले. ज्यांच्यावर खटला झाला ते निर्दोष सुटले. अमेरिकेच्या नागरी हक्कांच्या चळवळीला ज्या घटनांनी धार आणली त्यांपैकी ही एक. असल्या मातीत ही मुलगी वाढली.

आणि उंच वाढली. सहा फूट तीन इंच. आपल्याकडे मुलगी बापाच्या खांद्यावर डोके काढू लागली की घरातील वडीलधारी माणसे काळजीत पडतात. तिकडे शाळेतील मुले तिला चिडवीत, की ही लांबलचक आहे, बाकी काही नाही. रात्री आई झोपा म्हणून बजावी, तेव्हा ही पांघरुणाखाली लपून दूरचित्रवाणीवर ऑस्कर रॉबर्टसनसारख्या व्यावसायिक खेळाडूंचे सामने पाहत असे. पडद्यावरचे ते सगळे खेळाडू पुरुष होते, हे वेगळे सांगावयास नको.

आता डेल्टा स्टेटची हकीकत थोडी मागे जाऊन सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून लूसीच्या पराक्रमाचा अर्थ उमगत नाही. या महाविद्यालयात १९३० च्या सुमारास मुलींचा बास्केटबॉल संघ होता. मार्गारेट वेड ही त्यातील एक उत्तम खेळाडू. तो संघ अधिकाऱ्यांनी एकाएकी मोडला. कारण असे देण्यात आले, की हा खेळ तरुण स्त्रियांच्या प्रकृतीला झेपणारा नाही. मुली रडल्या, आणि त्यांनी आपले गणवेश जाळून टाकले. मार्गारेट वेडने पुढे हायस्कुलातील मुलींना शिकवीत वर्षांमागून वर्षे काढली. १९७३ मध्ये, म्हणजे चार दशकांनी, त्याच महाविद्यालयाने मुलींचा संघ पुन्हा उभा करण्याचे ठरविले आणि त्याच बाईंना प्रशिक्षिका म्हणून बोलावले. तेव्हा त्यांचे वय साठ होते. मध्यंतरी काय बदलले होते? स्त्रियांची प्रकृती तर खासच बदलली नव्हती. बदलला होता तो कायदा. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने लिंगभेदावरून कोणाला डावलू नये, असा कायदा अमेरिकेत १९७२ साली झाला. त्याच्या आदल्याच वर्षापर्यंत महाविद्यालयीन मुलींचा बास्केटबॉल अधिकृतपणे सहा-सहा जणींचा असे, आणि बहुतेक जणींना मैदानाची मधली रेषा ओलांडण्याची मुभा नसे. धावल्याने बायकांचे नुकसान होते, ही समजूत नियमपुस्तकात शिरून बसली होती.

लूसी या संघात आली तेव्हा संघातील ती एकटी कृष्णवर्णीय मुलगी होती. क्रीडाशिष्यवृत्ती नव्हती, अभ्यासाच्या शिष्यवृत्तीवर आणि विद्यापीठातच काम करून तिने शिक्षण पुरे केले. घरच्या मैदानावरील सामने ज्या क्रीडागृहात होत, त्याला वॉल्टर सिलर्स यांचे नाव होते. मिसिसिपीच्या विधानसभेचे दीर्घकाळ सभापती राहिलेले हे गृहस्थ वंशविभक्ततेचे कडवे पुरस्कर्ते होते. त्यांच्या नावाच्या छपराखाली गोऱ्या प्रेक्षकांनी एका कृष्णवर्णीय मुलीच्या नावाचा पुकारा करावा, आणि पुढे त्याच विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी स्नेहमेळाव्याची राणी म्हणून तिला निवडावे, हा काळाचा न्याय म्हणावयाचा की विनोद, हे वाचकांनीच ठरवावे. विनोदाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो: पुरुषांच्या संघाचे नाव ‘स्टेट्समेन’, म्हणून मुलींच्या संघाचे नाव ‘लेडी स्टेट्समेन’ ठेवण्यात आले! व्याकरणाने हात टेकले असतील; पण गर्दी मात्र या ‘लेडी’ मंडळींच्याच सामन्यांना लोटू लागली.

त्या काळी मुलींच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलवर पेनसिल्व्हेनियातील इमॅक्युलाटा या छोट्या कॅथलिक महाविद्यालयाचे राज्य होते. १९७२, ७३ आणि ७४ अशी ओळीने तीन अजिंक्यपदे त्यांची. तेथील जोगिणी प्रेक्षकांत बसून बादल्या बडवीत आपल्या मुलींना उत्तेजन देत. १९७५ च्या अंतिम सामन्यात डेल्टा स्टेटने या संघाला ९०–८१ असे हरविले. लूसीचे गुण ३२. पुढच्या वर्षी तेच दोन संघ, तोच निकाल, ६९–६४. लूसीचे गुण ३०. १९७७ मध्ये लुइझियाना स्टेटवर ६८–५५ असा विजय. पहिल्या अजिंक्यपदाच्या वर्षी संघाने अठ्ठावीस सामने खेळले आणि एकही गमावला नाही. तिन्ही स्पर्धांत सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान लूसीकडेच गेला.

तिची चार वर्षांची बेरीज २,९८१ गुण आणि १,६६२ रिबाउंड अशी आहे. म्हणजे दर सामन्यास सरासरी २५.९ गुण आणि १४.५ रिबाउंड. ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी सांगितले पाहिजे, की या दोन आकड्यांपैकी दुसरा अधिक बोलका आहे. नेम चुकलेला चेंडू कड्यावर किंवा फळ्यावर आपटून उसळतो. तो पकडणे म्हणजे रिबाउंड. त्याला उंची लागतेच. पण नुसत्या उंचीने तो हाती येत नाही. चेंडू कोणत्या बाजूस पडेल याचा क्षणभर आधी अंदाज घ्यावा लागतो, प्रतिस्पर्ध्याला पाठीने अडवून जागा धरावी लागते, कोपरे आणि धक्के सोसावे लागतात. ज्याला टाळ्या नाहीत असे हे काम आहे. दूरवरून झेप घेत चेंडू टोपलीत सोडणारी क्लार्क डोळ्यांत भरते. लूसीच्या वेळी दुरून मारलेल्या चेंडूला तीन गुण देण्याचा नियम नव्हता आणि मुलींसाठी लहान चेंडूही आलेला नव्हता; पुरुषांच्याच मापाचा चेंडू घेऊन टोपलीखालच्या गर्दीत तिने आपले राज्य उभे केले.

१९७६ मध्ये माँट्रियल येथे ऑलिंपिकमध्ये महिलांचे बास्केटबॉल प्रथमच खेळले गेले. त्या स्पर्धेतील पहिला गुण लूशिया हॅरिसच्या नावावर आहे. जपानविरुद्धचा तो सामना अमेरिका हरली, आणि सोव्हिएत संघाने तर तिला ११२–७७ असे झोडपले. तरीही रौप्यपदक मिळाले. सोव्हिएत संघात सात फूट उंचीची उल्याना सेम्योनोव्हा होती. तिच्यासमोर लूसीसुद्धा ठेंगणी दिसली असेल!

येथपर्यंतची कथा चढणीची आहे. १९७७ मध्ये ती पदवीधर झाली, आणि पुढे खेळण्यास जागाच उरली नाही. स्त्रियांची व्यावसायिक साखळी स्पर्धा अमेरिकेत तेव्हा अस्तित्वात नव्हती. त्याच वर्षी न्यू ऑर्लीन्स जॅझ या पुरुषांच्या व्यावसायिक संघाने वार्षिक निवडीच्या सातव्या फेरीत, १३७ व्या क्रमांकावर, तिचे नाव पुकारले. तिने जाण्यास नकार दिला. तिचे नुकतेच लग्न झाले होते आणि ती गरोदर होती; शिवाय पुरुषांच्या त्या धिप्पाड गर्दीत आपला निभाव लागेल असे तिला वाटत नव्हते.

तिच्याविषयी जे थोडेफार लिहिले जाते त्यात नेमका हाच प्रसंग मथळ्यात असतो: ‘पुरुषांच्या संघाने अधिकृतपणे निवडलेली एकमेव स्त्री’. प्रस्तुत लेखकास हे खटकते. सातव्या फेरीत एका संघाने नाव घेतले, याला खरे कौतुक म्हणावे की वर्तमानपत्रांत नाव छापून आणण्याची क्लृप्ती, हा प्रश्न बाजूस ठेवू. पण ज्या खेळाडूने तीन वेळा आपल्या देशाचे अजिंक्यपद जिंकून आणले, तिच्या मोठेपणाला पुरुषांच्या संघाच्या दाखल्याची जरुरी का पडावी? एखाद्या विदुषीच्या ग्रंथाची थोरवी सांगताना अमुक प्राध्यापकांनी तिला चहाला बोलाविले होते, असे आपण सांगतो काय? सांगतोही कधी कधी, आणि तेच चुकते.

नोंदवहीचा अन्याय याहून मोठा आहे. लूसी खेळली त्या काळी महाविद्यालयीन महिला क्रीडास्पर्धा स्त्रियांनीच चालविलेल्या एका स्वतंत्र संघटनेच्या होत्या. एन.सी.ए.ए. ही पुरुषांच्या खेळांची बलाढ्य संस्था त्या वेळी मुलींच्या खेळाकडे ढुंकूनही पाहत नव्हती. पुढे पैसा आणि दूरचित्रवाणी यांचा वास लागल्यावर तिने १९८२ पासून महिलांच्या स्पर्धा आपल्याकडे घेतल्या. स्त्रियांची संघटना त्याच वर्षी बंद पडली. आणि नव्या मालकाने जमाखर्चाची वही कोऱ्या पानापासून सुरू केली! कॅन्ससच्या लिनेट वुडार्डने १९८१ पर्यंत जमविलेले ३,६४९ गुण त्या वहीत नाहीत. म्हणूनच १५ फेब्रुवारी २०२४ रोजी क्लार्कने केल्सी प्लमचा ३,५२७ गुणांचा आकडा ओलांडला, तेव्हा ‘सर्वकालीन विक्रम’ म्हणून घोषणा झाली. वुडार्डचा आकडा तर तिने त्यानंतर तेरा दिवसांनी गाठला. मधल्या तेरा दिवसांत तो विक्रम नेमका कोणाचा होता? यात क्लार्कचा दोष काडीचाही नाही. दप्तर कारकुनाने लिहिलेले असते, हे कचेरीत आयुष्य घालविलेल्या वाचकांना ठाऊक आहे. आणि दप्तरात जे नाही ते घडलेच नाही, असे म्हणणारे साहेबही त्यांनी पाहिले असतील.

लूसीचे पुढील आयुष्य थोडक्यात सांगता येते. १९७९–८० मध्ये ह्यूस्टन एंजल्स या अल्पायुषी साखळीतील संघातून ती थोडे दिवस खेळली. डेल्टा स्टेटमध्येच तिने नोकरी केली, पदव्युत्तर शिक्षण घेतले, टेक्सासमधील एका विद्यापीठाच्या संघाची प्रशिक्षिका झाली, आणि अखेर मिसिसिपीत परतून हायस्कुलातील मुलांना शिकविले. चार मुले वाढविली. मध्यंतरी मनोविकाराने ग्रासले. त्याविषयी ती मोकळेपणाने बोलत असे. तिच्या पिढीतील लॅरी बर्ड हा एका साध्या महाविद्यालयातील तरुण १९७९ मध्ये पाच वर्षांसाठी साडेबत्तीस लाख डॉलरांचा करार करून व्यावसायिक झाला. लूसीला तसली दारेच नव्हती. १९९२ मध्ये स्प्रिंगफील्डच्या बास्केटबॉल कीर्तिमंदिरात तिला स्थान मिळाले. नेरा व्हाइट आणि ती या तेथे प्रवेश मिळविणाऱ्या पहिल्या दोन महिला खेळाडू होत.

२०२१ मध्ये बेन प्राउडफुट याने तिच्यावर बावीस मिनिटांचा एक अनुबोधपट केला. तीत साठी ओलांडलेली ही बाई कॅमेऱ्यासमोर बसून आपली कथा स्वतःच सांगते, मधून मधून खळखळून हसते. जॅझच्या निवडीला नकार दिल्याचा पश्चात्ताप नाही, असे ती स्पष्ट सांगते. आपली मुले कशी शिकली याचा अभिमान तिच्या बोलण्यात ओसंडतो. आपण बाहेरच्यांनी तिच्यासाठी हळहळावे की नाही, असा प्रश्न ते पाहताना पडतो. ती स्वतः हळहळत नाही. पण तिला निवड करावयास दोनच वाटा होत्या, पुरुषांच्या संघात जा नाही तर घरी बस, ही गोष्ट तिच्या हसण्याने पुसली जात नाही.

१८ जानेवारी २०२२ रोजी, वयाच्या ६६ व्या वर्षी, माउंड बायू येथे तिचे निधन झाले. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या माणसांनी १८८७ मध्ये वसविलेले हे गाव डेल्टा स्टेटपासून जवळच आहे. त्यानंतर दोन महिने उलटले आणि २७ मार्च रोजी त्या अनुबोधपटास ऑस्कर पारितोषिक मिळाले.